फॅट बर्नरच्या डब्यातलं कडू संत्र

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, पुण्यात आयटीत नोकरी, वजन ९४ किलो. जिममधल्या ट्रेनरने फॅट बर्नरच्या कॅप्सूल दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी व्यायामाआधी एक. लेबलवर दर कॅप्सूलमागे 'सिट्रस ऑरँशियम अर्क २०० मिलिग्रॅम (३० टक्के सिनेफ्रिन)' आणि 'कॅफीन अनहायड्रस २०० मिलिग्रॅम' असं लिहिलंय. आठवडाभरातच छातीत धडधड सुरू झाली, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. ट्रेनरचं म्हणणं, 'संत्र्याचा अर्क आहे, पूर्ण वनस्पतिजन्य. सवय झाली की थांबेल.' वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. पुढे घ्यावं का, आणि डब्यात उरलेल्या चाळीसेक कॅप्सूलचं काय करावं?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. घेऊ नका, आजपासूनच बंद करा. ही धडधड म्हणजे सवय होण्याची पायरी वगैरे काही नाही. हृदयाला टाच मारणारं रसायन पोटात गेलंय आणि ते आपलं काम करतंय, एवढाच त्याचा अर्थ. मी कोल्हापुरात २६ वर्षं मेडिसिनची ओपीडी चालवतोय. पूर्वी तालमीतली पोरं खुराक वाढवून पोट बिघडलं म्हणून यायची; आता जिममधली पोरं डबे घेऊन येतात. डबा सोबत आणला तर बरंच, कारण निम्म्यांना आपण काय खातोय ते सांगता येत नाही. तुम्ही लेबल नीट वाचून लिहिलंत, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

आधी हिशेब करू. २०० मिलिग्रॅमचे ३० टक्के म्हणजे ६० मिलिग्रॅम सिनेफ्रिन (अर्कातलं उत्तेजक द्रव्य), एका कॅप्सूलमध्ये. दिवसाला दोन, म्हणजे १२०. लोक '२०० मिलिग्रॅम अर्क' वाचतात आणि तेवढ्यावर सोडून देतात. अर्काचं वजन महत्त्वाचं नसतं, त्यातला सक्रिय भाग किती टक्के ते महत्त्वाचं असतं. तोच २०० मिलिग्रॅम अर्क ६ टक्क्यांचा असता तर सिनेफ्रिन १२ मिलिग्रॅम भरलं असतं.

आता हे १२० कशाशी ताडून पाहायचं? कॅनडाच्या आरोग्य खात्याने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, आणि सोबत कॅफीन असेल तर ४० ची. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१४ साली सांगितलं की पूरक आहारातून २० मिलिग्रॅमच्या आतच राहा आणि कॅफीनसोबत तर घेऊच नका. जर्मनीची संस्था आणखी कडक. माणूस साध्या खाण्यापिण्यातून सरासरीने जेवढं घेतो तेवढंच गोळीतून यावं, असा विचार करून त्यांनी ६.७ मिलिग्रॅमवर रेघ मारली. देशादेशांत एवढा फरक का, तर मुळात भरवशाचा पुरावा थोडा आहे. थोड्या पुराव्यावर कोणी सैल निर्णय घेतो, कोणी आवळून. पण तुमची मात्रा यांतल्या सगळ्यांत सैल आकड्याच्याही अडीच-तीन पट आहे, जर्मनीच्या आकड्याच्या जवळजवळ १८ पट. त्यामुळे या वादात कोण बरोबर हे ठरवण्याची तुम्हाला गरजच नाही.

आणि हे नागपुरी संत्र नव्हे. सिट्रस ऑरँशियम म्हणजे कडू संत्र, स्पेनमध्ये सेव्हिलच्या रस्त्यांवर झाडांना लगडलेलं दिसतं ते. कोणी सोलून खात नाही इतकं कडू-आंबट. त्याचा मार्मलेड करतात. चिनी वैद्यकात त्याचं कच्चं, वाळवलेलं फळ 'झी शी' या नावाने पोटफुगी आणि अपचनावर देतात. वजन उतरवायला ते कोणी शतकानुशतकं वापरत होतं असं जाहिरातीत सुचवलेलं असतं, त्यात तथ्य नाही. सिनेफ्रिन आपल्या संत्र्याच्या रसातही थोडंफार असतं. पण ग्लासभर रस पिणं आणि कच्च्या फळातला नेमका तोच भाग वेगळा काढून, कॅफीनबरोबर दाबून कॅप्सूलमध्ये भरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'वनस्पतिजन्य' या शब्दाचं मला कधी कौतुक वाटलं नाही. खेड्यातल्या कुंपणावरच्या बिट्टीच्या बिया खाऊन हृदयाचे ठोके तिसांवर आलेले रुग्ण मी रात्र-रात्र सांभाळलेत. बिट्टीही वनस्पतीच. धोतराही.

कडू संत्र या धंद्यात आलं कसं, ते कळलं की पुढचं सगळं समजतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवण्याच्या गोळ्यांवर एफेड्राचं राज्य होतं. एफेड्रा म्हणजे चिनी 'मा हुआंग'. त्यातलं एफेड्रिन १८८५ साली नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने वेगळं काढलं. एफेड्रिन आणि कॅफीन ही जोडी खरोखर भूक मारते, वजनही थोडं उतरवते. पण पक्षाघात, हृदयविकाराचे झटके, ठोक्यांची अनियमितता, आकस्मिक मृत्यू यांच्या नोंदी साठत गेल्या. फेब्रुवारी २००३ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा २३ वर्षांचा खेळाडू स्टीव्ह बेश्लर फ्लोरिडात सरावादरम्यान उष्माघाताने गेला. वजन जास्त होतं, जेवण कमी केलेलं होतं, हवा गरम होती, आणि तो एफेड्राच्या गोळ्या घेत होता. पुढच्या वर्षी, एप्रिल २००४ पासून, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पूरक आहारातल्या एफेड्रिनवर बंदी घातली. त्या आदेशात सिडा कॉर्डिफोलियाचंही नाव आहे, म्हणजे आपल्याकडची बला, चिकणा. तिच्यातही या कुळातली द्रव्यं असतात.

डबे मात्र बंद झाले नाहीत. त्याच रंगाच्या, तशाच नावांच्या डब्यांवर 'एफेड्रा-फ्री' अशी पट्टी आली आणि आत एफेड्राच्या जागी कडू संत्र आलं. म्हणजे सिनेफ्रिनची निवड ते चरबी जाळतं हे सिद्ध झालं म्हणून झाली नाही. एफेड्रिनसारखं दिसणारं आणि अजून बंदी न आलेलं असं जे हाताशी होतं, ते घेतलं. आपल्याकडे एफेड्रिन अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित द्रव्य आहे, कारण त्यापासून मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ बनतो; २०१६ साली सोलापुरात सापडलेल्या साठ्याच्या बातम्या आठवत असतील.

आता शरीरात काय होतं ते. अ‍ॅड्रिनलिन, एफेड्रिन, सिनेफ्रिन ही एकाच साच्यातली भावंडं. सिनेफ्रिनला एका टोकाला हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जास्तीचा आहे, त्यामुळे ते मेंदूत एफेड्रिनइतकं सहज शिरत नाही. म्हणून एफेड्रिनसारखी तरतरी, भूक मरणं हे एकट्या सिनेफ्रिनने फारसं होत नाही. त्याच्या बाजूने बोलायचं तर एवढं खरं आहे, की ते एफेड्रिनपेक्षा सौम्य आहे. रक्तातून दोन-तीन तासांत निम्मं उतरतं.

त्याचा आणखी एक सख्खा भाऊ तुमच्या घरात असेल: फिनाइलेफ्रिन, सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत असतं ते. तोच हायड्रॉक्सिल गट एक घर सरकवला की सिनेफ्रिनचं फिनाइलेफ्रिन होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं. (तोंडावाटे घेतल्यावर चोंदलेलं नाक त्याने उघडत नाही, असं अमेरिकेच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं, आपल्या गोळ्यांत ते अजून आहेच, असो.) पावसाळ्यात सर्दी झाली, फॅट बर्नर चालू आहे आणि वरून सर्दीची गोळी घेतली, तर दुष्काळात तेरावा महिना.

चरबी जळते का? स्पेनमधल्या प्रयोगांत किलोमागे ३ मिलिग्रॅम सिनेफ्रिन देऊन सायकल चालवायला लावली, तेव्हा हलक्या ते मध्यम व्यायामात इंधन म्हणून चरबीचा वाटा वाढलेला दिसला. हे वाक्य जाहिरातीत छान दिसतं. पण एकूण खर्च झालेली ऊर्जा वाढली नव्हती. शरीराने पैसे तेवढेच खर्च केले, फक्त एका खिशाऐवजी दुसऱ्यातून काढले. दुसऱ्या एका प्रयोगात ५० मिलिग्रॅम घेतल्यावर बसल्या जागची ऊर्जा ६५ किलोकॅलरीने वाढली. आपली एक पोळी याहून जास्त असते. आणि आठवड्यांमागून आठवडे घेतल्यावर काय, हा खरा प्रश्न. २०२२ साली तोवरच्या चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या, तर वजनावर म्हणावा असा परिणाम निघाला नाही. निघाला तो रक्तदाबावर: दीर्घकाळ घेणाऱ्यांत वरचा आकडा सरासरी सहाने आणि खालचा चाराने वाढलेला. तुमच्यासारख्या, वडिलांकडून रक्तदाबाचा वारसा असलेल्या माणसाने यासाठी पैसे मोजायचे?

सिनेफ्रिन निर्धोक आहे असं सांगणारे शोधनिबंधही भरपूर सापडतील. ते वाचा, पण शेवटी कोणाचा पैसा होता ती ओळही वाचा. त्यांतले बरेच त्या अर्काच्या उत्पादनाशी संबंध असलेल्यांनी केलेले आहेत. धडधाकट तरुण, थोडे दिवस, एकटं सिनेफ्रिन. तुमच्या डब्यात ते एकटं नाही.

माझी खरी हरकत आहे ती जोडीला. सॅन फ्रान्सिस्कोत २००५ साली दहा निरोगी माणसांवर एक छोटा पण उपयोगी अभ्यास झाला. एकदा नुसता कडू संत्र्याचा अर्क दिला, एकदा सिनेफ्रिन, कॅफीन आणि इतर वनस्पती एकत्र असलेलं बाजारातलं उत्पादन. नाडी दोन्हींनी वाढली, मिनिटाला ११ ते १६ ठोक्यांनी. रक्तदाब मात्र नुसत्या अर्काने वाढला नाही, मिश्रणाने वाढला. गंमत म्हणजे मिश्रणात सिनेफ्रिन अर्कातल्यापेक्षा बरंच कमी होतं. म्हणून डब्यावर एकेका घटकाची मात्रा वाचून 'प्रत्येक थोडंच आहे' असं समाधान करून घेता येत नाही.

तुमच्या झोपेचा चोर म्हणजे या जोडीतलं कॅफीन. कॅफीन एका वेळी २०० आणि दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत निरोगी प्रौढाला चालतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं मत आहे. तुम्ही दोन्ही मर्यादा नुसत्या कॅप्सूलने गाठल्या. ऑफिसमधला चहा आणि मशीनची कॉफी त्यावर. कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या २०० पैकी रात्री अकराला १०० अंगात शिल्लक, म्हणजे अंथरुणावर पडता-पडता एक कडक कॉफी प्यायल्यासारखं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत ही वेळ जवळजवळ दुप्पट होते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

एक रुग्ण सांगतो. तिशीतला दुकानदार, डोकं दुखतं म्हणून आला. रक्तदाब १६४/१०२. 'काही गोळ्या चालू?' 'काही नाही.' शेजारी बसलेली बायको म्हणाली, 'तो डबा सांगा की.' डबा पिशवीतच होता, तुमच्यासारखाच. त्याच्या लेखी ते औषध नव्हतंच, त्यामुळे तो खोटं बोलत होता असंही नाही. डबा बंद केल्यावर तीन आठवड्यांनी रक्तदाब १२८/८२ आला. एवढ्यावरून सगळा दोष सिनेफ्रिनचा असं मी म्हणणार नाही. त्याने त्याच काळात एनर्जी ड्रिंक सोडलं आणि झोपायलाही लागला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, ठोक्यांची गंभीर अनियमितता यांचे जे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेलेत, त्यांचीही हीच अडचण आहे: जवळजवळ सगळे मिश्रण घेणारे. दोष नेमका कोणाचा हे ठरत नाही. पण घेणाऱ्याला मिश्रणच मिळतं, सुटं सिनेफ्रिन नव्हे. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर तो वाद कोरडाच.

लेबलवर तरी किती विश्वास ठेवायचा? २०२३ मध्ये अमेरिकेत खेळाडूंसाठीची वनस्पतिजन्य ५७ उत्पादनं तपासली गेली. २३ डब्यांत लेबलवरचा घटक सापडलाच नाही. घटकाची मात्रा लेबलशी जुळत होती ती फक्त सहांत. आणि सात डब्यांत बंदी असलेलं काही ना काही निघालं. 'जिरेनियमचा अर्क' म्हणून विकलेलं डीएमएए हे जुनं उदाहरण: मुळात १९४० च्या दशकात नाक मोकळं करायचं औषध म्हणून बनवलेलं कृत्रिम रसायन, २००६ नंतर फुलाचं नाव लावून डब्यांत परत आलं. आपल्याकडे एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो तो उत्पादकाचा. तुमच्या हातातला डबा कोणी उघडून मोजला असा त्याचा अर्थ होत नाही. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून नुसती एकूण बेरीज दिलेली असेल, तर तो डबा मी खाली ठेवायलाच सांगतो.

इथल्या कुस्तीगीरांसाठी दोन वाक्यं. सिनेफ्रिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाही, नुसत्या निरीक्षणाखाली आहे. पण त्याच डब्यात भेसळ म्हणून काय येईल ते सांगता येत नाही, आणि नमुन्यात सापडलं तर जबाबदार पैलवानच. शिवाय वजनी गटात बसायला पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवणाऱ्या पोराने हे घेणं म्हणजे कातडीच्या रक्तवाहिन्या आवळून उष्णता आत कोंडणं. बेश्लरची गोष्ट परत वाचा.

रक्तदाब, हृदयाचा कुठलाही आजार, थायरॉइड वाढलेलं असणं, काचबिंदू, गरोदरपण यांत हे वर्ज्यच. नैराश्यावरच्या किंवा पार्किन्सनवरच्या काही गोळ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) रोखतात. सिनेफ्रिन मोडण्याचं काम तेच विकर करतं, त्यामुळे दोन्ही एकत्र आले तर रक्तदाब एकदम उसळू शकतो. क्षयरोगावर वापरतात ते लिनेझोलिडही तसंच वागतं. कडू संत्र्याचा रस तर चकोतऱ्याच्या (ग्रेपफ्रूटच्या) चुलत कुळातला, आतड्यात औषधं मोडणारी यंत्रणा अडवणारा. रक्तदाबाच्या फेलोडिपिनची पातळी त्याने वाढते हे दाखवलं गेलंय. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना डब्याचं नाव सांगा, लाजू नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सिनेफ्रिन एकदम थांबवायला हरकत नाही. कॅफीन मात्र ४०० वरून शून्यावर आणलंत तर दोन-तीन दिवस डोकं ठणकेल. सकाळी एक कॉफी आणि दुपारी एक चहा ठेवा, चारनंतर काही नको. घरी वडिलांचं रक्तदाबाचं यंत्र असेलच. सकाळी उठल्यावर, चहाआधी, पाच मिनिटं शांत बसून दोनदा मोजा, सात दिवस लिहून ठेवा. सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर डब्याचा फोटो घेऊन फिजिशियनकडे जा. ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी ते सांगतील. धडधड तीन-चार दिवसांत थांबायला हवी. नाही थांबली तरी जा. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, एका बाजूला अशक्तपणा, बोलणं अडखळणं यांतलं काही झालं तर वाट न बघता १०८.

वजनाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, आणि ९४ किलोला उंची न कळवता विचारून उपयोगही नव्हता. इतकंच, की सात दिवस पुरेशी न झोपलेल्या माणसाची भूक वाढते. म्हणजे या कॅप्सूल तुमचं काम अवघडच करत होत्या.

उरलेल्या चाळीस कॅप्सूल संपवू नका, 'पैसे गेलेत' म्हणून निम्म्या मात्रेतही नको. जिममधल्या मित्राला किंवा भावाला देऊ नका. घरात वडिलांच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी तर अजिबात ठेवू नका. लेबलचा फोटो काढून ठेवा, कॅप्सूल फोडून ओल्या चहापत्तीत मिसळून कचऱ्यात टाका. ट्रेनरला पैसे परत मागायचे की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.